काम झाले, हे कोणी आणि केव्हा सांगावे?

व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांपैकी एखादे गृहस्थ उभे राहून जो प्रश्न विचारतात, तो पुष्कळदा सबंध व्याख्यानापेक्षा मोलाचा ठरतो. निगडीस प्राधिकरणात आम्ही संगणकाच्या साठवणीविषयी बोललो, तेव्हा असेच झाले. भोसरीकडे छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "आमच्या ड्रॉइंगच्या मुलाने नकाशात दुरुस्ती केली, साठवली, पडद्यावर 'साठवले' अशी अक्षरेही उमटली. पाचदहा सेकंदांत वीज गेली. वीज आली तेव्हा दुरुस्ती नाहीशी झाली होती. आता खोटे कोण बोलले? मुलगा, संगणक, की खोलीच्या कोपऱ्यातली ती साठवणीची पेटी?" सभेत हशा पिकला, पण ते गृहस्थ हसत नव्हते. त्याच नकाशावरून दुसऱ्या दिवशी चाळीस नग कापले गेले होते आणि चाळीसही भंगारात गेले होते.

आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते, याची रुखरुख आम्हांस आजही आहे. ते उत्तर येथे पुरे करण्याचा विचार आहे. त्यासाठी दोन यंत्रांनी एकमेकांस 'काम झाले' हे कोणत्या रीतीने सांगावे, याचे जे लेखी नियम आहेत त्यांच्याकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. विषय रुक्ष वाटेल, परंतु तो आमच्या या औद्योगिक पट्ट्यातील माणसास मुळीच परका नाही.

सुटे भाग बनवणारा पुरवठादार आपला माल टेम्पोत घालून चाकणच्या मोठ्या कारखान्याकडे धाडतो. फाटकावर पहारेकरी चलनावर शिक्का मारतो आणि वेळ लिहितो. पुढे स्टोअरचा माणूस नग मोजून घेतो. त्यापुढे तपासणी खात्यातला माणूस गेज लावून पाहतो आणि माल पास किंवा नापास करतो. 'माल पोचला' हे वाक्य तिघांच्याही तोंडी शोभते, पण तिघांचे अर्थ तीन. फाटकावरचा शिक्का पाहून बिल पक्के झाले असे मानणारा पुरवठादार पंधरा दिवसांनी नापासाची चिठ्ठी हाती पडल्यावर शहाणा होतो. निगडीच्या जकात नाक्याची पावतीही याच जातीची होती. ट्रक नाक्यावरून गेला एवढेच ती सांगे, माल दुकानात उतरला की नाही याविषयी तिला काही ठाऊक नसे. (ती जकात २०१३ साली बंद झाली, नाक्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.)

आता साठवणीकडे वळू. फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान झाल्या, स्वस्त झाल्या, आणि संगणकाने तबकडीशी बोलायचे कसे याची एक सामाईक बोली ठरली. तिचे नाव स्कझी. अमेरिकेत तिला १९८६ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. या बोलीत एक मागणारा आणि एक देणारा असतो. मूळ शब्द इनिशिएटर आणि टार्गेट असे आहेत. आम्ही त्यांना मागणीदार आणि भांडारी म्हणू. मागणीदार म्हणतो, 'अमुक कप्प्यातून इतके बाइट दे', किंवा 'हे घे आणि अमुक ठिकाणी लिही'. भांडारी काम करतो आणि शेवटी एका बाइटात निकाल सांगतो. 'ठीक' हा एक निकाल. 'अडचण आहे, कारण सोबत वाच' हा दुसरा. याला चेक कंडिशन म्हणतात. 'आत्ता हात रिकामा नाही' हा तिसरा, 'रांग भरली' हा चौथा. आणखीही दोनचार आहेत. हे निकाल एकमेकांपासून वेगळे ठेवण्यात शहाणपणा आहे, कारण 'हात रिकामा नाही' म्हणणाऱ्याकडे थोड्या वेळाने पुन्हा जाता येते, पण 'तबकडीचा तो भाग वाचता येत नाही' म्हणणाऱ्याकडे शंभरदा जाऊनही उपयोग नसतो.

जुन्या काळी मागणीदार आणि भांडारी एकाच जाड तारेने बांधलेले असत. तार काही मीटरांची. खास विद्युत्‌रचना केली तर फार तर २५ मीटर. त्या तारेवर आधी हुकूम, मग माल, मग निकाल अशा पायऱ्या एकामागून एक येत. एकाच खोलीत समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना पत्रव्यवहाराचे नियम लागत नाहीत, तसा हा प्रकार होता. परंतु भांडार दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी ठेवण्याची गरज पडू लागली, तेव्हा स्कझीचे हुकूम नेहमीच्या संगणक-जाळ्यावरून, म्हणजे ज्या जाळ्यावरून आपली पत्रे आणि चित्रे जातात त्याच जाळ्यावरून, पाठवण्याची युक्ती निघाली. तिला आय-स्कझी म्हणतात. तिची नियमावली एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. इस्रायलमधील आयबीएमच्या संशोधनशाळेतील ज्युलियन सात्रान हे तिच्या प्रमुख लेखकांपैकी एक. नियमावली अडीचशेहून अधिक पानांची आहे. ज्याने कधी सरकारी कचेरीत अर्ज केला आहे त्यास याचे नवल वाटणार नाही.

आता चाकणच्या चलनाची आठवण ठेवून पुढे चला. जाळ्यावरून बाइट गेले की पलीकडची जाळ्याची यंत्रणा 'मिळाले' असे कळवते. हा फाटकावरचा शिक्का. यातून बाइट त्या यंत्राच्या दाराशी आले एवढेच कळते. त्यानंतर आय-स्कझीचे उत्तर येते, आणि त्या उत्तराच्या एकाच पाकिटात दोन वेगळी घरे असतात. पहिले घर सांगते, 'हुकूम भांडाऱ्यापर्यंत पोचून त्याचे काम संपले', किंवा 'भांडाऱ्याच्या यंत्रणेतच बिघाड झाला, काम संपवता आले नाही'. दुसऱ्या घरात भांडाऱ्याचा निकाल असतो. नियम असा की, पहिल्या घरात 'काम संपले' असे लिहिले असेल तरच दुसऱ्या घरातील आकड्यास अर्थ आहे. पहिल्या घरात बिघाड असेल आणि दुसऱ्या घरात शून्य असेल, तर त्या शून्याकडे पाहायचे नाही. आणि गंमत अशी की 'ठीक' या निकालाची संख्या नेमकी शून्य आहे! कोऱ्या राहिलेल्या घरातही शून्यच असते. घाईत दुसरे घर आधी वाचणारा कार्यक्रम लिहिला, तर न झालेले काम झाले असे तो समजेल, आणि त्याची ही चूक कित्येक महिने कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण भांडाऱ्याची यंत्रणा रोज थोडीच बिघडते?

यानंतरचा नियम आम्हांस विशेष आवडतो. मागणीदाराने वाचण्याचा हुकूम दिला की माल अनेक पुडक्यांत येतो आणि त्यामागून निकालाचे स्वतंत्र पाकीट येते. सगळे सुरळीत असेल तर हे शेवटचे पाकीट वेगळे कशाला, असा विचार सुचणे साहजिक आहे. म्हणून नियमावलीने सूट दिली: मालाच्या शेवटच्या पुडक्यावरच एक खूण करून निकाल तेथेच लिहिता येईल. एक फेरी वाचते. परंतु सूट दोन अटींवर आहे. ते पुडके खरोखर शेवटचे असले पाहिजे, आणि निकाल निर्वेध असला पाहिजे. कसलीही अडचण आली असेल तर आडवाट बंद. स्वतंत्र पाकीट पाठवायचे आणि त्यात कारणांचा कागद घालायचा. कारणे लिहिण्यास मालाच्या पुडक्यात जागाच ठेवलेली नाही. शुभवार्ता येथे पोस्टकार्डावर चालते, वाईट बातमीस पाकीट लागते.

यात आणखी एक बारकी गोष्ट आहे. ही सूट घ्यावी की नाही हे भांडाऱ्याच्या मर्जीवर आहे. चांगला निकालही त्याने हवा तर वेगळ्या पाकिटातून पाठवावा. परंतु मागणीदारास मर्जी नाही. भांडाऱ्याने पुडक्यावर निकाल लिहिला, तर तो वाचता आलाच पाहिजे. अशा नियमावल्यांत 'केलेच पाहिजे', 'करावे' आणि 'करता येईल' या तीन क्रियापदांना काटेकोर वजन असते, आणि कोणत्या शब्दाचे किती वजन हे १९९७ साली एका स्वतंत्र टिपणाने ठरवून दिले आहे. कायद्याच्या पुस्तकात जशा शब्दांच्या व्याख्या पहिल्या कलमात असतात, तसाच हा प्रकार. वाचणाऱ्याने 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांत गल्लत केली की त्याचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी अर्धवट बोलू लागते, आणि अर्धवट बोलणे हे मुळीच न बोलण्यापेक्षा वाईट.

लिहिण्याच्या हुकमात उलट दिशेची पंचाईत असते. समजा, मागणीदार माल पाठवतो आहे आणि निम्म्यावरच भांडाऱ्याला कळले की हे लिहिता येणार नाही. त्याने लगेच 'नापास' म्हणून ओरडावे की थांबावे? आपल्याला वाटेल की लगेच सांगितलेले बरे. नियम सांगतो की थांबले पाहिजे. जो माल पाठवण्याची मागणीदारास मोकळीक दिलेली आहे त्याचे शेवटचे पुडके हाती येईपर्यंत निकाल पाठवायचा नाही. कारण उघड आहे. निकाल गेला की मागणीदाराच्या वहीत ते काम मिटले. कामाचा क्रमांकही तो दुसऱ्या कामास देऊ शकतो. आणि मिटलेल्या कामाची पुडकी मात्र अजून वाटेत असतील, तर ती आल्यावर भांडाऱ्याने कोणाच्या खाती घालायची? फाटकाबाहेर अजून दोन टेम्पो उभे असताना चलन बंद करणारा स्टोअरकीपर जी भानगड ओढवून घेतो, तीच ही.

निकालांना अनुक्रमांक असतात, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. प्रत्येक जोडणीवर भांडारी आपल्या निकालांस चढते क्रमांक घालतो आणि मागणीदार आपल्या पुढच्या प्रत्येक संदेशात 'मला आता अमुक क्रमांकाचा निकाल हवा' असे लिहितो. त्याचा अर्थ त्याआधीचे सगळे पावले. तोवर भांडाऱ्याने जुना निकाल जपून ठेवायचा. मध्येच एक क्रमांक गळाला तर, दोघांनी आरंभी तसे ठरवले असल्यास, तेवढाच निकाल पुन्हा मागता येतो. नसल्यास जोडणी मोडून नव्याने सुरुवात करावी लागते. दुधाच्या रतिबाची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापेक्षा अधिक सांगणे नको.

आता मुख्य घोटाळ्याकडे येतो, कारण याच ठिकाणी मूळ नियमावलीच्या अर्थाचा खुलासा करावा लागला. निकालाबरोबर 'शिल्लक' नावाची एक संख्या आणि दोन खुणा असतात. मागणीदाराने हुकमाबरोबर सांगितलेले असते की मला इतक्या बाइटांची देवघेव अपेक्षित आहे. भांडाऱ्याकडून त्याहून कमी निघाले तर 'उणे' ही खूण, जास्त निघून मावले नाहीत तर 'अधिक' ही खूण, आणि किती ते शिल्लकेच्या घरात. दोन्ही खुणा नसतील तर शिल्लकेचे घर पाहायचेच नाही. येथवर सरळ आहे. परंतु 'भांडाऱ्याकडून निघाले' म्हणजे किती?

एक उदाहरण घेऊ. भांडारात १०० कप्पे आहेत. मागणीदार म्हणतो, 'तुझ्याकडे कोणते कप्पे आहेत त्यांची यादी दे'. यादीत प्रत्येक कप्प्यास ८ बाइट आणि आरंभी ८ बाइटांचे शीर्षक, म्हणजे पुरी यादी ८०८ बाइटांची. पण हा हुकूम देतानाच मागणीदार एक मर्यादा सांगतो, 'माझ्याजवळ २५६ बाइटांचाच कागद आहे, त्यापुढे लिहू नकोस'. भांडारी २५६ बाइट लिहून देतो; त्यात ३१ कप्पे बसतात. जाळ्यावरची अपेक्षाही २५६ बाइटांचीच आहे. आता 'अधिक' ही खूण करायची काय? एक जण म्हणेल, करायची. ५५२ बाइट राहून गेले की! दुसरा म्हणेल, नाही. मागितले तेवढे दिले, राहिले काय? दोघेही एकच वाक्य वाचून आपापले यंत्र बनवतील. मग पहिल्याचे भांडार आणि दुसऱ्याचा संगणक एके दिवशी एकाच कारखान्यात जोडले जातील. 'अधिक' ची खूण दिसताच तो संगणक उत्तरात दोष आहे असे धरील, आणि भांडार धडधडीत समोर असताना कप्पे दिसत नाहीत अशी तक्रार सुरू होईल. अशा वेळी दोन विक्रेते एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघांचेही बोट नियमावलीच्या त्याच ओळीवर असते.

ऑक्टोबर २००७ मध्ये मूळ नियमावलीच्या दुरुस्त्या आणि खुलासे म्हणून वेगळे पुस्तक निघाले. त्याचे संपादक मल्लिकार्जुन चदलापाका हे मूळ लेखकांपैकीच होते. त्यात या प्रश्नाचा निवाडा अगदी याच हुकमाचे नाव घेऊन केला आहे. हिशेब दोनच आकड्यांचा: मागणीदाराची जाळ्यावरील अपेक्षा, आणि भांडाऱ्याने स्वतःच्या नियमांनुसार प्रत्यक्ष पुढे केलेला माल. भांडाऱ्याने कागदाच्या मर्यादेमुळे यादी आपणच २५६ वर तोडली, तर त्याने पुढे केला तो माल २५६ चाच, अपेक्षाही २५६, म्हणून कोणतीही खूण नाही. उलट मागणीदाराने कागद २५६ चा सांगून जाळ्यावरची अपेक्षा चुकून १२८ लिहिली असती, तर 'अधिक' ची खूण आणि शिल्लक १२८ हे बरोबर ठरले असते. मग यादी अपुरी आहे हे मागणीदारास कळावे कसे? ते यादीच्या शीर्षकातच आहे. तोडलेल्या यादीवरही पहिल्या चार बाइटांत पुऱ्या यादीची लांबी, ८००, लिहिलेली असते. ती वाचून त्याने मोठा कागद घेऊन पुन्हा मागावे. वाहतूकदाराने वाहतुकीतले उणेअधिक सांगावे, भांडाऱ्याने भांडारातले सांगावे, एकाने दुसऱ्याच्या वहीत लिहू नये, असा हा निवाडा आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये मूळ नियम आणि खुलासे एकत्र करून नवी नियमावली निघाली, आणि जुन्या दोन्हींची जागा तिने घेतली.

पुण्यात साठवणीचे सॉफ्टवेअर लिहिण्याचा व्यवसाय बरीच वर्षे चालत आला आहे, आणि निगडीहून हिंजवडीस जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेला तरुण कदाचित याच एका खुणेवर आठवडा घालवून आलेला असेल. आईवडिलांना तो काय करतो हे सांगता येत नाही, अशी तक्रार आम्ही पुष्कळ घरांत ऐकतो. आपल्या यंत्राने न झालेल्या कामास 'झाले' म्हणू नये, यासाठी तो झटतो असे सांगावे.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. लिहिण्याच्या हुकमास भांडारी 'ठीक' म्हणतो, तेव्हा माल तबकडीवर उमटला असेलच असे नाही. तबकडी सावकाश चालते, म्हणून बहुतेक पेट्यांत वेगवान तात्पुरती स्मृती असते. तिला कॅश म्हणतात. ती वापरण्याची मुभा चालू असेल तर माल कॅशमध्ये येताच 'ठीक' म्हणणे नियमाने मान्य आहे. कॅशमधला माल तबकडीवर उतरवताना मागाहून अडचण आली तर? तोवर त्या कामाचा निकाल देऊन झालेला असतो. अशा वेळी भांडारी ती बातमी पुढच्या एखाद्या भलत्याच हुकमाच्या उत्तरात 'अडचण' म्हणून घालतो, आणि कारणांच्या कागदावर ही अडचण चालू कामाची नसून आधीच्या कामाची आहे, अशी वेगळी संख्या लिहितो. ती संख्या न वाचणारा मागणीदार चालू काम पुन्हा करतो, आणि बुडालेले काम बुडालेलेच राहते. आणि वीज गेली तर ही उशिराची बातमीसुद्धा येत नाही. ज्या कॅशला बॅटरीचा आधार नाही ती कोरी होते.

यावर उपाय नियमांतच आहे. 'कॅशमध्ये आहे ते सगळे तबकडीवर उतरव आणि मगच उत्तर दे' असा एक हुकूम आहे; शिवाय एकेका लेखनापुरते 'थेट तबकडीवर' असे सांगणारी एक खूणही आहे. परंतु तो हुकूम कोणी तरी द्यावा लागतो. त्या मुलाच्या पडद्यावर 'साठवले' अशी अक्षरे उमटवली ती नकाशे काढणाऱ्या कार्यक्रमाने. त्याने माल संगणकाच्या मूळ प्रणालीच्या हाती दिला आणि आपले काम झाले असे म्हटले. प्रणालीने तो आपल्या स्मृतीत ठेवला. काही सेकंदांनी सवडीने जाळ्यावर घालायचा असा तिचा रिवाज. पाचदहा सेकंदांत वीज गेली म्हणजे तो माल बहुधा संगणकाच्या फाटकातून बाहेरही पडला नसावा. आणि पडला असला तरी पेटीच्या कॅशमध्ये अडकला असावा. आपापल्या टप्प्यापुरते प्रत्येकाने खरेच सांगितले होते. मुलाने वाचलेला शिक्का मात्र फाटकाचा होता, आणि तो त्याने तपासणी खात्याचा समजला.

तेव्हा त्या गृहस्थांनी पेटी विकणाऱ्यास दोन गोष्टी विचाराव्यात: कॅश चालू आहे काय, आणि असल्यास तिला बॅटरी आहे काय. तिसरी गोष्ट नकाशांच्या कार्यक्रमाच्या विक्रेत्यास विचारावी: तुमचे 'साठवले' हे शब्द 'तबकडीवर उतरव' या हुकमाचे उत्तर आल्यानंतर उमटतात, की आधी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतील. तिसऱ्यास बहुधा 'कळवतो' असे उत्तर येईल. ते आल्यास लेखी मागून घ्यावे आणि तोपर्यंत संगणक व पेटी या दोहोंस यूपीएस जोडून ठेवावा.